अवशेष क्रमांक सात

भिंत दिसली की ती आधी उजव्या हाताचा पंजा तिच्यावर टेकवायची. बोटं फाकून, सपाट. क्षणभर थांबायची आणि म्हणायची, "हाये."

आणि जिथे भिंत असायला हवी होती पण नव्हती, तिथेही पंजा उचलायची. तो हवेतच राहायचा. मग हात खाली घेऊन म्हणायची, "म्हंजे आता नाही."

या दोन वाक्यांवर त्या मुलीने मुंबईत एक वर्ष काढलं. तिचं नाव मी सांगणार नाही. तिने तिच्या अहवालात माझं नाव घातलं नाही, तेव्हा मीही तिचं घालत नाही. नावाच्या जागी तिने काय घातलं, ते पुढे येईलच. ते आठवलं की आजही माझं डोकं तापतं. वाचा आणि तुम्हीच ठरवा, माझी तक्रार रास्त आहे की नाही.

मी जुन्या सागवानाचा व्यापारी. कॉटन ग्रीनला माझी वखार आहे. चाळ पाडायची ठरली, जुनी गोदामं मोडायची ठरली, की दारं, खिडक्या, खांब, तुळया मी उचलतो आणि नव्या बंगलेवाल्यांना विकतो. सतराव्या वर्षी दुसऱ्यांची दारं पाठीवर वाहिली, आता माझी दारं दुसरे वाहतात. हे मला कुणी दिलेलं नाही, एकेका गिऱ्हाइकाशी भांडून मिळवलेलं आहे. सांगितलेल्या भावाला मी आयुष्यात कुठली वस्तू घेतलेली नाही. आमच्या लग्नात मुहूर्त सुद्धा मी भटजींकडून अर्धा तास पुढे ढकलून घेतला होता.

मला राग लवकर येतो, हेही कबूल करतो. एरवी मी तुमच्या-आमच्यासारखं नीट बोलतो. गिऱ्हाईक मोठं असेल तर दोन इंग्रजी शब्दही टाकतो, भाव बरा येतो. पण रागावलो की तोंडातून घरचं मालवणी बाहेर पडतं. बायको म्हणते, "तुमचा खरा मालवणीतच असता."

ती मुलगी आमच्या लालबागच्या चाळीत, आमच्याच मजल्यावर, टोकाच्या खोलीतल्या मावशींकडे राहायला आली. चंद्रपूरची. इथल्या एका कॉलेजात इतिहासाचं शिकायला. अंगाने काडी, पाठीवर तिच्याहून जड पिशवी. पहिल्याच दिवशी गॅलरीत उभं राहून तिने मला विचारलं, "काका, लालबागमधली बाग कोनत्या बाजूला हाये जी?"

मी म्हटलं, "बाग नाही."

"मंग लालबाग काहून म्हंतात?"

"असेल कधीतरी."

"म्हंजे आता नाही," ती म्हणाली आणि वहीत लिहून घेतलं.

आठवड्याभरात तिने असंच सगळं विचारून काढलं. फणसवाडीत फणस आहे का, आंबेवाडीत आंबा आहे का, काळाचौकीत चौकी आहे का. मी वैतागलो. म्हटलं, "बाई गं, मुंबईत नावाला अर्थ नसतो. पत्ता लागला की झालं."

यावर ती मान तिरकी करून म्हणाली, "आमच्याकडे असतो ना पन."

तिच्या गावाभोवती म्हणे अजून दगडी तट आहे. त्याला चार मोठे दरवाजे, आणि मधे मधे लहान दारं, त्यांना तिथे खिडकी म्हणतात. ही रोज शाळेत जायची ती अशा खिडकीतून. बाजाराला जायचं तर जटपुरा गेटातून. "गेटातून म्हंजे खरंच गेटातून, काका. डोक्यावर कमान राह्यते. ट्रक आला तं सगळे अटकतात." हे ती असं सांगायची की जणू घरच्या देवघरात ट्रक अडकला आहे.

अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. परगावाहून येतात आणि आपल्याच गल्लीबद्दल आपल्याला असं काही विचारतात की उत्तर येत नाही. उत्तर येत नाही म्हणून आपण त्यांच्यावर ओरडतो. मी तरी ओरडतो.

फेब्रुवारीत तिला ताप आला. चांगला आठ दिवस. त्याच आठ दिवसांत तिच्या कॉलेजची सहल गेली. सहल म्हणजे मजेची नव्हे, अभ्यासाची. मुंबई बेटाला पूर्वी जी तटबंदी होती, लहानमोठे किल्ले होते, त्यांचं आज काय उरलं आहे ते बघून अहवाल लिहायचा. त्याशिवाय परीक्षेला बसू देत नाहीत. ही तापातून उठून मॅडमकडे गेली, तेव्हा मॅडमनी एक संधी दिली. एकटीने जा. सात अवशेष शोध. प्रत्येकावर हात ठेवलेला फोटो पाहिजे, पुस्तकातलं आणि मोबाइलवरचं चालणार नाही. सोमवारी सकाळी अकराला टेबलावर अहवाल पाहिजे.

हे तिला कळलं शुक्रवारी. शनिवारी तिचा चाचणीचा एक पेपर होता. उरला रविवार.

तिच्या वडिलांचं चंद्रपूरला सायकल दुरुस्तीचं दुकान. त्यांनी आधीच सांगून ठेवलं होतं, एक वर्ष देतो. जमलं तर पुढचं बघू, नाही तर परत ये आणि दुकानात बस. ही गॅलरीत उभी राहून माझ्या बायकोला हे सांगत होती. रडत नव्हती. नुसती कठड्यावर पंजा टेकवून उभी होती. मला ते रडण्याहून वाईट वाटलं, म्हणून मी आत जाऊन पेपर उघडला.

बायको आत आली. "रविवारी वखार बंदच असता ना तुमची?"

"मग?"

"मग काय? टेम्पो काढा. त्या चेडवाचा वर्स फुकट जातला."

मी म्हटलं, डिझेल काय झाडाला लागतं? मी काय टुरिस्टवाला आहे? बायकोने नुसता माझा चहा बशीसकट उचलला आणि आत नेला. मी बाहेर जाऊन त्या मुलीला म्हणालो, "किती पाहिजेत तुला? सातच? रविवारी संध्याकाळच्या आत सातही दाखवतो. माझा शब्द. माल पोचवायचा म्हटला की मी पोचवतो."

"तुमाले सातही माहीत हायेत?"

मी बोटांवर मोजून दाखवले. शिवडी, शीव, धारावीचा काळा किल्ला, माहीम, वरळी, फोर्टमधल्या इस्पितळाच्या आवारातला तटाचा तुकडा. आणि सातवं चर्चगेट.

"चर्चगेटला गेट हाये?" तिचे डोळे चमकले.

"गेट आहे म्हणून तर चर्चगेट. चाळीस वर्षं जातोय मी तिथे."

हे मी बोललो. माझ्याच तोंडाने.

रविवारी सकाळी ती टेम्पोत माझ्या शेजारी बसली. मांडीवर वही, वहीत तक्ता आखलेला: अवशेष, ठिकाण, स्थिती. शिवडीच्या किल्ल्यावर पोचलो तर तट चांगला शाबूत, खाली खाडी, लांबवर गुलाबी ठिपक्यांसारखे पक्षी. तिने पंजा टेकवला. "हाये." मी फोटो काढला. त्यात माझा अंगठा आला. दुसरा काढला, त्यातही आला. तिसऱ्याला ती म्हणाली, "काका, अंगठा राहू द्या. मॅडमले वाटेल, दोन माणसांनी पाहिला."

खाली उतरल्यावर शहाळी घेतली. शहाळेवाल्याने भाव सांगितला. मी घासाघीस करायला तोंड उघडलं, तोवर हिने पैसे देऊन टाकले होते. मी ओरडलो, "अगं, काय केलंस? त्याने सांगितला, तू दिलास?"

"त्याईनं सांगितला ना भाव."

"सांगितलेला भाव खरा नसतो!"

"मंग खोटा काहून सांगंल तो?" ती खरोखरच विचारत होती. शहाळेवाला माझ्याकडे बघत होता. मी स्ट्रॉ चोखत टेम्पोत जाऊन बसलो.

शीवच्या टेकडीवर पायऱ्या आहेत. चढताना मी जरा थांबलो. गुडघ्यासाठी नव्हे, समोरचं दृश्य बघायला. ती दहा पायऱ्या खाली परत आली आणि म्हणाली, "काका, बसता का थोडं? या वयात इतकं चढू नये."

"कुठल्या वयात?" मी म्हटलं. "अठ्ठावन्न आहे मी. अजून एकटा दरवाजा उचलतो."

"नाही, तसं नाही जी. माहे आजोबा पन असेच म्हंतात."

मी उरलेल्या पायऱ्या एका दमात चढलो. वर पोचल्यावर मात्र खरंच दृश्य बघत बसावं लागलं, चांगली दहा मिनिटं. तिने दरम्यान पंजा टेकवला, "हाये," आणि तक्त्यात स्थिती लिहिली: 'बरी. ठिकठिकाणी पडझड.' लिहिताना तिने एकदा माझ्याकडे बघितलं, असा मला संशय आहे.

काळा किल्ला शोधायला वेळ गेला. आजूबाजूला भंगाराचे ढीग. पण भंगारवाले म्हणजे माझे भाऊबंद, एकाने वाट दाखवली. माहीमला समुद्राच्या बाजूने वाळूतून चालत गेलो. भरती चढत होती. हिने चपला हातात घेतल्या, घोट्याभर पाण्यात उभं राहून तटाला हात लावला आणि लाट आल्यावर खिदळली. एवढ्या महिन्यांत मी तिला तेव्हा पहिल्यांदा मोठ्याने हसताना पाहिलं. वरळीला कोळीवाड्याच्या गल्लीतून जाताना बोंबील वाळत घालणाऱ्या एका बाईने विचारलं, "कुनाकडं चाल्लीस गो?"

"किल्ला पाहाले."

"त्यात काय बगाचं? तो खंय जातंय!"

ती मुलगी तिथेच थांबली. बाईचं वाक्य तिने वहीच्या कडेला लिहून घेतलं. मला म्हणाली, "काका, ज्याईच्या जवळ असते ना, त्याईले ते दिसतच नाही."

मी म्हटलं, "चल, ऊन वाढतंय." टोला आपल्याला होता हे मला कळलं नव्हतं.

दुपारी फोर्टला आलो. इस्पितळाच्या फाटकावर रखवालदाराने अडवलं. अशा जागी काय बोलायचं ते मला पाठ आहे. मी चेहरा पाडला. "मावशी अॅडमिट आहेत हो..."

"कोन मावशी?" ही मधेच म्हणाली. मग रखवालदाराकडे वळून, "दादा, आमी भिंत पाहाले आलो."

"भिंत?"

"मांगं तटाचा तुकडा हाये ना, थो. हात लावतो, फोटो काढतो, अन् जातो."

रखवालदार तिच्याकडे बघत राहिला, मग माझ्याकडे. "मावशीचं काय मग?" त्याने मला विचारलं. मी रस्त्याकडे बघू लागलो. तो हसायला लागला आणि स्वतः पुढे होऊन आम्हाला भिंतीपर्यंत घेऊन गेला. काळ्या दगडाची, रुंद, गुपचूप उभी असलेली भिंत. पंजा टेकला. "हाये." सहा झाले. चार वाजायचे होते. मी टेम्पो सुरू करताना शीळ घालत होतो.

आता चर्चगेट.

टेम्पो कडेला लावला. आम्ही उतरलो. मी हात लांब करून म्हटलं, "हे बघ..." आणि हात तसाच राहिला.

काय दाखवू? स्टेशनची इमारत होती. रस्ता होता, सिग्नल होता, पुस्तकवाले होते, ज्यूसवाला होता. चाळीस वर्षं मी 'चर्चगेट' म्हणत इथे आलो, उतरलो, चढलो, भांडलो. गेट कुठे आहे असं कधी मनातच आलं नव्हतं. इकडून गेलो, तिकडून आलो. ज्यूसवाल्याला विचारलं, "इथे गेट कुठाय?" तो म्हणाला, "कौन से नंबर का?"

ती माझ्या मागे फिरत होती. शेवटी रस्त्याच्या कडेला उभी राहिली, तिने उजवा पंजा उचलला आणि हवेत धरला. येणारे-जाणारे बघत होते. मला तो हात बघवेना.

"म्हंजे आता नाही," ती म्हणाली.

"थांब," मी म्हटलं. "बझार गेट आहे. तो रस्ताच आहे त्या नावाचा."

रस्ता होता. गेट नव्हतं. मग अपोलो गेट. तेही नव्हतं. फोर्टात किल्ला नाही, गेटांना गेट नाहीत. कुणीतरी शंभर-दीडशे वर्षांपूर्वी सगळं मोडून नेलं आणि नावं तेवढी मागे ठेवून गेला. मी स्वतः मोडलेला माल उचलणारा माणूस, पण असा धंदा मीही कधी केला नाही. येताना माझगावच्या टेकडीवरही गेलो, तिथेही किल्ला होता असं ऐकून होतो. तिथे बाग निघाली.

"लालबागची बाग इथं हाये तं," ती म्हणाली. विनोद करायचा प्रयत्न होता. आवाज बरा नव्हता.

साडेपाच वाजले. मी टेम्पो कॉटन ग्रीनला वखारीकडे वळवला. का ते तिला सांगितलं नाही.

वखारीत मागच्या भिंतीला टेकून एक दरवाजा आहे. दोन पुरुष उंच, लोखंडी खिळ्यांचा, एका फळीला चार माणसं लागतात. बारा वर्षं तिथेच आहे, कारण माझा भाव कुणाला परवडत नाही. आणि भाव मोठा आहे, कारण येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला मी सांगतो, हा फोर्टच्या जुन्या दरवाजाचा आहे. चर्चगेटचा. असं मी निदान वीस जणांना सांगितलं असेल. तिघांनी त्याच्यासमोर उभं राहून फोटो काढले.

ती दरवाजासमोर गेली. तिचा चेहरा बघण्यासारखा होता. हळूच पंजा टेकवला. खिळ्यांवरून बोटं फिरवली. पण 'हाये' म्हणाली नाही. मागे वळून तिने मला विचारलं, "काका, हा थ्याच दरवाजाचा हाये का?"

एक 'हो' म्हटलं की झालं होतं. तिचा सातवा अवशेष, तिचं वर्ष, माझा शब्द, सगळं वसूल. शिवाय तिच्या अहवालात आलं असतं तर माझ्या दरवाजाला कागदोपत्री पुरावा. असा सौदा मी एरवी सोडत नाही.

पण एक सांगतो. जो माणूस घासाघीस करतो, त्याच्याशी खोटं बोलायला काही वाटत नाही. त्याला माहीत असतं की तुम्ही वाढवून सांगताय, तुम्हाला माहीत असतं की तो पाडून मागतोय. खेळ असतो दोघांचा. ही पोरगी सांगितलेला भाव देऊन टाकणारी. मी 'हो' म्हटलं असतं तर तिने 'हो' लिहिलं असतं.

"नाही," मी म्हटलं. "रे रोडच्या एका गोदामाचा आहे. फार तर ऐंशी वर्षं."

तिने हात काढून घेतला. तिथे पडलेल्या एका तुळईवर बसली. वही मिटली. "ठीक हाये, काका," ती म्हणाली. "तुमी लय फिरवलं. सहा तं मिळाले."

"सहाला मॅडम काय म्हणतील?"

"सात म्हंतलं होतं त्याईनं." मग तुळईवरचा भुसा झटकत, "बाबाच्या दुकानात पन बसाले काही नाही. पंक्चर काढता येते मले."

आणि मला राग आला. कुणाचा ते विचारू नका. मॅडमचा, चर्चगेटचा, गेट मोडून नेणाऱ्यांचा, माझा. मी वखारीच्या मधोमध उभा राहून ओरडलो, "पंक्चर काढतलंय? गप बस! सगळा गेला म्हणान सांगता माका! माझो बापूस गिरण बंद पडल्यावर इथसून चलत कोटात जाय. हमाली करूक! मी सतराव्या वर्षी पयलो दरवाजो कोटातसून पाठीर मारून आणलंय. माझो जल्म गेलो कोटात, आणि कोटात आजून एक दगड गावाचो नाय?"

तुळईवरून ती ताडकन उठली.

"कुठं म्हंतलं, काका?"

"काय?"

"तुमचे बाबा कुठं जात होते?"

"कोटात. फोर्टात गं. आमच्याकडे जुनी माणसं कोटच म्हणायची. आई म्हणायची, कोटात जातोस तर छत्री घे."

"कोट," ती म्हणाली. "आमच्याकडे परकोट म्हंतात. कोट म्हंजे तट!" तिने वही उघडली होती. "मंग दिवसभर फोर्ट-फोर्ट काहून म्हनत होते तुमी?"

"तू शिकलेली. तुझ्यासमोर नीट बोलायला नको?"

"अरे बाप्पा, काका!" ती जवळजवळ किंचाळली. "भिंत पाडली, दरवाजे पाडले, पन हा कोनालेच पाडता आला नाही! दीडशे वर्षं झाली तरी लोक कोटातच जाऊन राह्यले. पुन्हा म्हना."

"काय म्हणू?"

"तसंच. रागानं."

रागाने सांगा म्हटल्यावर राग येत नाही. तरी म्हटलं. तिने तीनदा म्हणवून घेतलं. मग एकदम थबकली. "पन हात कुठं ठेवू? हात ठेवलेला फोटो लागते."

तिने माझ्याकडे बघितलं. वखारीच्या राखणदाराला हाक मारून त्याच्या हातात मोबाइल दिला. माझ्या शेजारी येऊन उभी राहिली, आणि उजव्या हाताचा पंजा, बोटं फाकून, सपाट, माझ्या खांद्यावर टेकवला. क्षणभर थांबली.

"हाये," ती म्हणाली.

या फोटोत अंगठा आलेला नाही.

आता तक्रारीकडे येतो. त्याच संध्याकाळी दिवेलागणीला गॅलरीत बसून तिने अहवाल लिहिला आणि आम्हा दोघांना वाचून दाखवला. सहा झाले, सगळं ठीक. मग तिने घसा साफ केला. "अवशेष क्रमांक सात. कोट. हा शब्द. आढळ: लालबाग येथील एक वयोवृद्ध स्थानिक रहिवासी."

"कोण?" मी विचारलं.

"तुमी."

"वयोवृद्ध?"

बायको पदर तोंडाला लावून आत गेली.

मी खुर्ची पुढे ओढली. हा माझा प्रांत होता. म्हटलं, "नाव घाल माझं."

"मॅडमनं सांगितलं, माहिती देनाऱ्याचं नाव नाही टाकाचं."

"मग 'अनुभवी व्यापारी' लिही."

"नाही जमत जी."

"'प्रौढ'. चल, प्रौढ. मी एवढा खाली आलो, तू थोडी वर ये."

"नाही, काका."

"'ज्येष्ठ'! माझा शेवटचा शब्द. ज्येष्ठ लिही आणि विषय संपव."

तिने पेन खाली ठेवलं. "काका, समजून घ्या ना. शब्द तरन्या मानसाच्या तोंडी असला, तं थो अवशेष कसा होईन? मॅडम म्हंतीन, हे तं चालू भाषा हाये, काढून टाका. मंग सहाच राह्यतात." आणि वर, "तुमी जितके म्हातारे, तितकी मी पास."

मी गॅलरीच्या कठड्याकडे बघत बसलो. आयुष्यात पहिल्यांदा माझ्याकडे द्यायला दुसरा भाव नव्हता.

"लिही," मी म्हटलं.

"वयोवृद्ध?"

"लिही म्हटलं ना."

तिने लिहिलं. मग तक्त्यातला शेवटचा रकाना भरला आणि वही पटकन मिटली. मी हिसकावून घेतली. लिहिलं होतं, 'स्थिती: शाबूत. लवकर तापतो.'

सोमवारी अकराच्या आत अहवाल टेबलावर गेला. मॅडमनी सातवं पान दोनदा वाचलं म्हणे, आणि विचारलं, हे गृहस्थ आहेत का अजून? ही म्हणाली, "हायेत. हात लावून पाहिले." परीक्षा झाली, पास झाली, आणि वडिलांनी आणखी वर्ष दिलं. पण पुढचं शिक्षण तिने नागपूरला घेतलं. तिथे घर जवळ पडतं, आणि तिला आपल्याच परकोटाची मोजणी करायची होती. जाताना आमच्या पाया पडली, आणि जिना उतरायच्या आधी चाळीच्या भिंतीवर पंजा टेकवून गेली. काही म्हणाली नाही. आमच्या चाळीच्या पुनर्विकासाचे कागद तेव्हा सह्यांसाठी फिरत होते, आणि ते तिला माहीत होतं.

मावशी मुलाकडे राहायला गेल्या, आता टोकाच्या खोलीत एक जोडपं राहतं. लालबागची बाग कुठे आहे, असं त्यांनी अजून विचारलेलं नाही.

मी मात्र हट्टाने सगळ्यांसमोर 'कोट' म्हणू लागलो आहे. परवा फोर्टमधल्या एका ऑफिसात, माल पोचवायला गेलो होतो, तिथल्या पोराला म्हटलं, कोटात पार्किंगचा फार त्रास आहे. तो म्हणाला, "काका, कोणाचं लग्न आहे? कोट भाड्यानेपण मिळतो." मी त्याला जे बोललो ते इथे लिहिता येणार नाही. ते मालवणीत होतं.

तो दरवाजाही अजून वखारीतच आहे. त्याचं खरं वय सांगायला लागल्यापासून त्याचा भाव पडला आहे, आणि त्या नुकसानीचा जाब मला एकदा चंद्रपूरला जाऊन विचारायचा आहे. गेल्या आठवड्यात एक बंगलेवाला आला. चष्मा वर करून म्हणाला, "ऐकलंय, तुमच्याकडे जुन्या फोर्टचं काहीतरी ओरिजिनल आहे?"

"कोटाचं म्हणायचंय का तुम्हाला?" मी विचारलं.

"हो, तेच. आहे?"

"आहे. पण विकायचं नाही."

"निदान बघायला तरी मिळेल?"

मी खुर्चीत जरा सरळ बसलो.

"बघताय ना," मी म्हटलं.